आप्पांच्या हातातला दोर

३ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडलं नसशील तर पुढे वाच. पत्ता वहिनीने दिला. तिच्यावर डाफरू नकोस, मीच तिच्या मागे हात धुऊन लागले होते. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान कट तरी करता येत नाही.

आम्ही बरे आहोत. मैदान चालू आहे. शाळांची मुलं येतात, क्लबातली येतात, कधी एखाद्या कारखान्यातले साहेबलोक आपली पोरं घेऊन येतात आणि स्वतःच जास्त ओरडतात. आपले जुने लाल क्रेट उन्हाने तडकले, म्हणून डेअरीवाल्याकडून हिरवे आणले. ते रचायला बरे आहेत, कडा एकमेकांत नीट बसतात. तुळईची कप्पी बदलली. तू गेलास तेव्हा फाटक मोडकं होतं, ते अजून मोडकंच आहे.

वहिनी म्हणाली, तुझी लेक विचारत असते, आजोबा काय काम करतात म्हणून. आणि तू म्हणतोस, खोकी रचतात. शाबास. तिला नीट सांग. म्हणावं, एका मुलाला पट्टा घालतात, डोक्यावर हेल्मेट. पट्ट्याला दोर. तो दोर वर तुळईच्या कप्पीतून जाऊन खाली येतो तो आजोबांच्या हातात. मुलगा एका क्रेटवर उभा राहतो, खालून त्याला दुसरा देतात, तो रचायचा, त्यावर चढायचं, मग तिसरा. असं करत करत घराएवढा मनोरा होतो आणि शेवटी तो धडाधडा कोसळतोच. कोसळतो तेव्हा मुलगा खाली येत नाही, हवेत लोंबकळत हसत राहतो, कारण आजोबांनी दोर धरलेला असतो. बाकीची मुलं फक्कीच्या रिंगणाबाहेर, म्हणजे क्रेट कुणाच्या डोक्यात पडत नाही. तेवढ्यासाठी आजोबा आयुष्यभर रिंगणाच्या कडेला उभे आहेत. सांगशील ना?

आप्पा हल्ली जरा विसरतात. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, तसलं. वय झालं. एरवी तब्येत ठणठणीत. सहज लिहिलं, काळजी करू नकोस. करणार होतास असं नाही म्हणा.

तुझी
बहीण


१९ मार्च

दादा,

उत्तर नाही. मी धरूनच चालले होते.

मागच्या पत्रात 'सहज' लिहिलं ते खोटं होतं. सहज काही नव्हतं. पोटात ठेवून बघितलं, राहत नाही, आणि घरात बोलायला दुसरं आहे कोण?

दातांना तार लावलेली एक मुलगी होती, शाळेच्या गटातली. लाजरी. तिची बाई तिला ढकलत होती, जा गं जा गं म्हणून. पट्टा मी बांधला, ड्रायव्हरने दुसऱ्यांदा तपासला. ड्रायव्हर म्हणजे आपला बसवाला, तुला आठवत असेल. गुडघे गेल्यापासून बस सोडून इथेच असतो, क्रेट देतो. मुलीने आपल्या पद्धतीप्रमाणे विचारलं, "दोर?" आप्पा म्हणाले, "धरला." तेव्हा तिने जमिनीवरून पाय उचलला. तुला ही पद्धत सांगायला नको. 'धरला' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही हे आपण दोघं बोलायला शिकलो त्याच सुमारास शिकलो.

ती पाच क्रेटवर होती. तिच्या पोटापाशी दोर ढिला पडलेला ड्रायव्हरने पाहिला. आप्पांकडे बघतो तर दोर जिच्यात अडकून राहतो त्या ब्रेकच्या कडीतून ओवलेलाच नाही. नुसता मुठीत. भाजीची पिशवी धरावी तसा.

ड्रायव्हरचं मला कौतुक वाटतं. ओरडला नाही. ओरडला असता तर मुलगी दचकली असती. हातातला क्रेट माझ्याकडे दिला, चालत आप्पांच्या मागे गेला, दोर काढून ब्रेकमध्ये घातला आणि आपल्या कमरेला अडकवला. मी वर बघून मुलीला म्हणाले, अगं छान, जरा श्वास घे. मुलगी पुढे अकरा क्रेटपर्यंत गेली. मनोरा पडला, ती झुलली, तारेसकट दात दाखवून हसली. तिच्या बाईने टाळ्या वाजवल्या. चहा पिऊन सगळे बसमध्ये बसून गेले. कुणाला काही कळलं नाही.

आप्पांनाही नाही. मी विचारलं, तर म्हणाले, मी 'धरला' म्हणालो ना? मग धरलाच असणार.

तेच तर झालंय रे. इतकी वर्षं 'दोर' ऐकलं की 'धरला' म्हणायचं. आता तोंड आपोआप म्हणतं, हात मागे राहतात.

डॉक्टरकडे नेलं. त्याने तारीख विचारली, वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. आप्पांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर त्यालाच विचारलं, तुमच्या टेबलाचा पाय हलतोय, खाली पुठ्ठा घालू का? डॉक्टर म्हणाला, काही दिवस चांगले असतील, काही नसतील. कुठला कसा ते कसं कळणार विचारलं, तर म्हणाला, कळणार नाही.

आता काय करू सांग.


६ एप्रिल

दादा,

करून बघितलं ते सांगते.

पहिल्यांदा गोडीगुलाबीने घेतलं. म्हटलं, आप्पा, तुम्ही खुर्ची टाकून बसा, नजर ठेवा. ते म्हणाले, नजर ठेवायला तू आहेस की, तुझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही.

मग दुसरा दोर आणला. प्रत्येक मुलाला दोन दोर, एक आप्पांकडे, एक मागे ड्रायव्हरकडे. आप्पांना सांगितलं की नवा नियम आहे. दोन गट झाले तसे. मग त्यांच्या लक्षात आलं की नियम फक्त त्यांच्या पाठीमागे उभा असतो, मी दोर धरते तेव्हा नसतो. त्या दिवशी जेवले नाहीत. ड्रायव्हरशी तर अजून बोलत नाहीत, आणि तो बिचारा त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन देतो तेव्हा कप्पीकडे बघत घेतात.

शेवटी मी सरळ बोलले. तारेवाल्या मुलीचं सगळं सांगितलं. रडले पण. तू हसशील, मी रडले म्हटल्यावर. ऐकून घेतलं त्यांनी. बराच वेळ हाताची बोटं चोळत बसले. मग जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते:

"थोरल्याच्या हातून दोर मी काढून घेतला होता. माझ्या हातून घ्यायचा तर त्याने घ्यावा. तू नाही."

त्यांना ते आठवतं, दादा. सकाळी गोळी घेतली का नाही ते आठवत नाही, पण ते आठवतं. तू एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन कुणाशी हसत होतास, वर मुलगा होता, आणि आप्पांनी सगळ्या गटासमोर तुझ्या हातातून दोर घेतला आणि 'घरी जा' म्हणाले. घरी जा म्हटल्यावर माणूस घरी जातो. तू मुलूखच सोडलास. मी तेव्हाही आप्पांना म्हटलं होतं, कान धरायचा तर घरात धरा, चार पोरांसमोर नको. आणि तुलाही सांगते, वर मुलगा होता. दोघांचंही चुकलं आणि दोघांनाही मी समजावत बसले आणि दोघांनीही माझं ऐकलं नाही. या घरात माझं ऐकतं ते फक्त मांजर, आणि ते सुद्धा दूध असेल तर.

आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. यायला नको. माफी मागायला नको, मागवून घ्यायला नको. एक फोन कर आप्पांना. म्हण, आप्पा, पुरे आता, दोर खाली ठेवा. एवढंच. ते तुझं ऐकतील. मला माहीत आहे, कारण ते वाट बघतायत.

मी तोवर काहीबाही सांगून गट पुढे ढकलते आहे. त्यांना सांगते, शाळांच्या परीक्षा आहेत. शाळांना सांगते, कप्पीचं काम काढलंय. इतकं खोटं मी लग्न मोडलं तेव्हासुद्धा बोलले नव्हते.


२० एप्रिल

दादा,

फोन केलास. आनंद झाला म्हणायला हवं.

मी तिथेच होते, दाराशी. आप्पांनी हॅलो म्हटलं आणि मग काहीच बोलेनात. नुसते उभे. मला वाटलं झटका आला की काय. मग म्हणाले, "जेवलास का?" इतक्या वर्षांनी बाप लेकाला विचारतो काय, तर जेवलास का. मी आत जाऊन तोंड धुतलं.

बाहेर आले तर आप्पांचा चेहरा असा की दहा वर्षं कमी झालेली. फोन ठेवला आणि मला म्हणाले, थोरला म्हणतोय, तुमच्यासारखा दोर कुणाला धरता येत नाही. थोरला म्हणतोय, मे महिन्यात पोरीला घेऊन येतो, तिला पहिल्यांदा तुमच्याच दोरावर चढवायचं.

काय केलंस रे हे? पत्रं वाचलीस ना माझी? का वहिनीने वाचली आणि तू नुसता शेवट ऐकलास?

मला कळतं तू का म्हणालास ते. इतक्या वर्षांनी आवाज ऐकलास, बापाचा आवाज म्हातारा झालेला, आणि तुझ्या तोंडून 'खाली ठेवा' निघेना. गोड बोलावंसं वाटलं. जुनं मिटवावंसं वाटलं. मिटवलंसही. मी आठ-नऊ वर्षं जे करू शकले नाही ते तू एका फोनवर केलंस, आणि मला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.

आता मी काही म्हटलं की 'थोरला म्हणालाय.' मागचा दोर त्यांनी स्वतः गुंडाळून छपरीत टाकला. म्हणतात, थोरल्याला कळलं तर हसेल. रोज सकाळी पट्टे उन्हात घालतात, बकला तेलाने पुसतात. सगळ्यात लहान पट्टा काढून त्याला नवी शिवण मारली, तुझ्या लेकीसाठी. मला विचारलं, तिची कंबर केवढी असेल?

तू परत फोन कर आणि खरं सांग. किंवा येऊ नकोस. यातलं एक तरी कर.


२९ एप्रिल

दादा,

परत फोन केला नाहीस. वहिनीने निरोप दिला की तू म्हणतोस, ही नेहमीच राईचा पर्वत करते. ठीक.

मग मी काय केलं ते ऐक, पर्वत का राई तूच ठरव.

मी ठरवलं, त्यांना दाखवायचं. बोलून पटत नाही, डोळ्यांनी बघू दे. मुलांचा प्रश्नच नव्हता, एकही गट मी येऊ दिलेला नाही. म्हणून मीच चढले. होय, मी. या वयात, या वजनाने. वेडी नाही मी, दुसरा दोर बांधून ड्रायव्हरला खांबाच्या पलीकडे उभं केलं होतं. आप्पा म्हणाले, तो कशाला? म्हटलं, माझ्या वजनाला एक कुठे पुरतोय? खूप हसले. त्यांना पटलं.

पट्टा त्यांनीच तपासला. प्रत्येक बकल दोनदा ओढलं, केस हेल्मेटमध्ये नीट खोचले, खिसे रिकामे करायला लावले. एक गोष्ट चुकली नाही. मला वाटायला लागलं की माझंच काहीतरी चुकतंय, आज चांगला दिवस आहे.

मी विचारलं, "दोर?"

"धरला."

चढले. मी शेवटची चढले तेव्हा तू खालून क्रेट देत होतास आणि मुद्दाम उलटे देत होतास. मांड्या भरून आल्या. ड्रायव्हरचा शेजारी, तोही हल्ली मदतीला येतो, काठीने क्रेट वर देत होता. आठवा रचला आणि त्यावर उभी राहिले तेव्हा आप्पांचा दोर माझ्या गुडघ्यापर्यंत ढिला लोंबत होता. मी खाली बघितलं.

दोर त्यांच्या पायाशी पडला होता.

आणि हात चालू होते, दादा. डावा वर, उजवा खाली, ओढ, पकड, सरकव. जसे चालायला हवेत तसे. मी चढले की झोल ओढून घेत होते, मी थांबले की थांबत होते. नजर माझ्यावर. हातात काही नव्हतं. इतके सुरेख चालत होते ते हात, मी दुसऱ्या कुणाचे असे कधी बघितले नाहीत, तुझेही नाहीत.

मला म्हणायचं होतं, आप्पा, हाताकडे बघा. त्यासाठीच चढले होते ना मी. तिथून खाली यायला दुसरी वाट नसते हे तुला माहीत आहे, मनोऱ्यावरून कुणी उतरत नाही, दोरावरच यावं लागतं. आणि ते वर बघत होते, तोंडावर तेच, आपण लहान असताना असायचं ते. पडणार नाहीस तू, असं. मी म्हटलं, "उतरवा, आप्पा."

ते म्हणाले, "सोडतोय हं, हळू."

आणि त्यांनी मला हळूहळू सोडलं. ड्रायव्हरने सोडलं. त्याने त्यांच्या हातांकडे बघून बघून तेवढाच दोर सोडला. मी जमिनीला लागले तेव्हा तो खांबाकडे तोंड करून उभा होता आणि खांदे हलत होते.

आप्पांनी माझी गाठ सोडली. म्हणाले, पाय जरा जड टाकतेस, बाकी छान. मग खाली पडलेल्या दोराकडे गेले. बराच वेळ बघत राहिले त्याच्याकडे. मग वाकून गोळा केला, वेटोळं केलं आणि खुंटीला लावला. 

त्यांना कळलं की नाही मला सांगता येत नाही. विचारायची माझी छाती नाही. आणि तुला आता राग येत असेल तर येऊ दे, पण माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको.


११ मे

दादा,

तुझं पत्र आलं. अक्षर बदललं नाही, अजून कोंबडीचे पाय. वाचून घेतलं. 'मला बोलवलं नाही गं' लिहिलंस, म्हणजे 'खाली ठेवा' तोंडून बोलवत नव्हतं असं लिहायचं होतं, ते कळलं. राग गेला असं नाही, पण कळलं.

पोरगी रोज आरशासमोर 'दोर?' म्हणून सराव करते, ते वाचून मी पत्र उलटं ठेवलं.

मी क्रेटचा खेळ बंद केला आहे. सगळ्या शाळांना कळवलं. एका मुख्याध्यापिकेने फोनवर चांगली खरडपट्टी काढली, मुलं वर्षभर वाट बघतात म्हणाली. मी हो हो म्हणत राहिले. दुसरं कुणी आणून चालवता आलं असतं, ड्रायव्हरचा शेजारी आहे, मी आहे. पण आप्पा तिथे असताना, आणि त्यांच्या हातात दोर नसताना, ते मला जमायचं नाही. दोर काढून घेणं मला जमलं नाही म्हणून खेळच काढून घेतला. याला शहाणपण म्हणतात की पळपुटेपणा, तू ठरव.

त्यांना मात्र हे सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी सकाळी ते हेल्मेट पुसून तयार बसले. विचारलं, आज कुठली शाळा? माझ्या तोंडून निघून गेलं, "आज वारा आहे, आप्पा." तुळईच्या टोकाला कापडाची पट्टी बांधलेली असते आपली, ती उचलली गेली की मनोरा रचायचा नाही. त्यांचाच नियम. तर ते उठले, बाहेर गेले, वर बघितलं. मी मागे उभी. पट्टी अशी सरळ खाली लोंबत होती, जसं ओलं फडकं. झाडाचं पान हलत नव्हतं. घामाने माझी पाठ भिजली होती.

आप्पांनी कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाले, "हो. आहे."

दुसऱ्या दिवशी मी सांगायच्या आधीच ते बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, आजही आहे बरं का. तेव्हापासून रोज तेच सांगतात. चहा घेतात, पट्टीकडे बघून येतात, आणि मला सांगतात. मी म्हणते, बरं. मग हेल्मेट परत खुंटीला लावतात. काल ड्रायव्हरशी बोलले. त्याला म्हणाले, यंदा वाऱ्याने अगदी वैताग आणलाय. ड्रायव्हर म्हणाला, हो ना आप्पा.

काल दुपारी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. अठरा तारखेला येताय, पोरीला घेऊन, ते सगळं. ऐकताना हसत होते. पोरीच्या सरावाचं वाचलं तेव्हा अजून हसले, म्हणाले, आवाज मोठा हवा, तिला सांग. मग हात मांडीवर ठेवले, उलटे केले, तळव्यांकडे बघितलं. घट्टे तसेच आहेत.

म्हणाले, "अठराला वारा असेल."

मी म्हटलं, आप्पा, आठ दिवस आधी कसं सांगता येईल?

"असेल," म्हणाले. "फार असेल. पोरीला वर चढवायचं नाही. थोरल्याला कळव, मी सांगितलंय म्हणून."

कळवते आहे. या. पोरीला घेऊन ये, वहिनीलाही आण. आणि फाटकातून आत आल्यावर त्यांनी वर बोट दाखवून म्हटलं की बघ थोरल्या, केवढा वारा सुटलाय, तर तू वर बघू नकोस. त्यांच्याकडे बघ आणि हो म्हण.

तुझी
बहीण